यात विज्ञान कुठे आहे? निवांत विज्ञानकादंबऱ्यांविषयी एक लांबलेलं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी इतरांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही आयसीयूत नर्स आहात. नाइट करून घरी आल्यावर लगेच डोळा लागत नाही, म्हणून वाचता. खून, पाठलाग, जगबुडी असलं काही त्या वेळी सोसत नाही. मैत्रिणीने बेकी चेंबर्स या विज्ञानकथा-लेखिकेची एक कादंबरी दिली, ती आवडली, मग तिचीच आणखी एक वाचलीत. तुमचा धाकटा भाऊ नारळीकर आणि आर्थर क्लार्क यांच्या विज्ञानकथा वाचत मोठा झालेला. त्याने पुस्तक चाळलं आणि म्हणाला, "यात विज्ञान कुठे आहे? सगळे नुसते चहा पीत बसलेत." तुम्हाला जाणून घ्यायचंय ते असं: या पुस्तकांत एवढं काय आहे की जीव निवतो, यांना विज्ञानकथा म्हणायचं का, आणि पुढे काय वाचायचं.

मी विज्ञानकथांचं संपादन करतो, दिवाळी अंकांसाठी त्या निवडतो, नव्या लेखकांच्या कार्यशाळाही घेतो. तुमच्या भावाचा आक्षेप मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलाय. तो उडवून लावण्यासारखा नाही, पण त्याला उत्तर आहे. या कादंबऱ्यांतही प्रयोग चालू असतो. फक्त प्रयोगशाळेच्या टेबलावर यंत्राऐवजी माणसांची एकत्र राहण्याची व्यवस्था ठेवलेली असते. "अमुक यंत्र निघालं तर काय होईल" याऐवजी "आजारी पडलं, नोकरी गेली, म्हातारपण आलं, तरी कुणी उघड्यावर पडणार नाही अशी घडी बसली, तर माणसं कशी वागतील" असा प्रश्न विचारलेला असतो. तुम्हाला वाचताना जी शांतता मिळते ती त्या घडीची आहे. संकटं तिथेही भरपूर असतात.

तुम्ही वाचलेल्या पहिल्या पुस्तकापासूनच सुरुवात करू, 'द लाँग वे टू अ स्मॉल, अँग्री प्लॅनेट'. चेंबर्सबाईंनी 2012 साली किकस्टार्टर या वर्गणी जमवण्याच्या संकेतस्थळावर लोकांकडून पैसे जमवून हे पुस्तक पुरं करायला सवड मिळवली, 2014 साली स्वतःच प्रकाशित केलं, आणि नंतर ब्रिटनमधल्या एका बड्या प्रकाशनसंस्थेने ते उचललं. पुढे त्याची मालिका झाली आणि 2019 साली त्या मालिकेला ह्यूगो हा विज्ञानकथांसाठीचा नावाजलेला पुरस्कार मिळाला. आता त्यातली नायिका पाहा. रोझमेरी नावाची ही मुलगी यानावर कशासाठी येते? कारकून म्हणून! हे यान अवकाशात बोगदे पाडायचं काम करतं, म्हणजे कंत्राटदारी. कप्तानाला मोठी कंत्राटं हवीत, त्यासाठी कागदपत्रं व्यवस्थित लागतात, आणि यानावर एकालाही धड फॉर्म भरता येत नाही. अंतराळकथेची सुरुवात कारकुनाच्या भरतीने करायला धाडस लागतं. आणि पुढच्या पानांत काय दिसतं, तर प्रत्येकाचं काम. इंधनासाठी शेवाळ वाढवणारा एक कुरकुऱ्या माणूस आहे, दोन तंत्रज्ञ आहेत, आणि डॉक्टर व आचारी ही दोन्ही कामं करणारा सहा हातापायांचा परग्रहवासी आहे. त्याचं नावच 'डॉक्टर शेफ'.

तुमच्या भावाने ज्या पानावर पुस्तक मिटलं ते बहुधा डॉक्टर शेफच्या स्वयंपाकघराचंच असणार. त्याने आणखी थोडं वाचायला हवं होतं. याच डॉक्टर शेफच्या जमातीने आपसातल्या युद्धात स्वतःचा जवळजवळ निर्वंश करून घेतलाय. त्याच्या मुली त्याच युद्धात गेल्या. उरलेल्यांनी ठरवलंय की आता आपला वंश पुढे न्यायचा नाही. हा जो सगळ्यांना आवडीचं करून खाऊ घालतो, तो आपल्या जातीतल्या शेवटच्या काहींपैकी एक आहे. रोझमेरीचा बाप शस्त्रं विकून गडगंज झालेला आहे, आणि ती त्याच लाजेने नाव बदलून इथे लपलीय. या दोघांचं बोलणं होतं तेव्हा आरडाओरडा नाही, आरोप नाहीत. पण ते प्रकरण वाचून कुणी "गोडगोड" म्हणालं तर मी त्याला परत वाचायला लावीन. इथला चहा युद्धानंतरचा आहे, हे लक्षात ठेवून पुस्तक वाचलं की त्याची चव बदलते.

आता या मालिकेतलं माझं सर्वांत आवडतं पुस्तक. ते सहसा लोकांना कमी आवडतं, कारण त्यात कथानक म्हणावं असं फार नाही. 'रेकॉर्ड ऑफ अ स्पेसबॉर्न फ्यू', 2018. पृथ्वी राहण्याजोगी उरली नाही तेव्हा माणसं मोठमोठ्या यानांचा एक तांडा करून निघाली. त्यांचे वंशज अजून त्याच यानांत राहतात, जरी आता दुसऱ्या ग्रहांवर जायला मोकळीक असली तरी. पुस्तक उघडतं ते एका भीषण अपघाताने. त्यांच्यातलं एक अख्खं यान फुटतं, हजारो माणसं जातात. 'निवांत' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तकाची ही पहिली पानं.

त्यानंतर लेखिका काय करते ते बघण्यासारखं आहे. अपघात कुणी घडवला, सूड कसा घ्यायचा, यातल्या कशाकडेही ती वळत नाही. ती एका बाईकडे जाते जिचं काम आहे मृतदेहांचं खत करणं. आयस तिचं नाव. तांड्यावर काहीच वाया घालवता येत नाही, मातीही माणसांतूनच करावी लागते, आणि ते खत बागांना जातं. हे काम करणाऱ्यांना तिथे मोठा मान आहे. इतका, की आयसला त्या मानाचाच कंटाळा येतो. लोक तिच्याशी सरळ माणसासारखं बोलत नाहीत, आदराने लांब उभे राहतात. या एका तपशिलात रसायनशास्त्र आहे, बंद परिसंस्थेचं गणित आहे, धर्म आहे आणि एका बाईचा एकटेपणाही आहे. विज्ञान कुठे आहे म्हणणाऱ्याला मी हे प्रकरण दाखवतो.

याच पुस्तकातली दुसरी एक गोष्ट परदेशी समीक्षकांच्या नजरेत फारशी भरत नसावी, पण मराठी वाचकाला ती टोचायलाच हवी. तांड्यावर संडास-गटारांची सफाई सोडतीने होते. तुमचं नाव निघालं की तुम्ही पाळी करायची, मग तुम्ही कुणीही असा. बाहेरून आलेला एक तरुण कामाच्या शोधात असतो, त्याला तिथल्या कचेरीत हे समजावून सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्याच्या स्वरात त्याविषयी काही विशेष नाही. जणू रेशनकार्डाची माहिती द्यावी तसं. लेखिकेने यावर भाषण दिलेलं नाही, आणि म्हणूनच ते लागतं.

आपल्याकडे काय आहे? बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'वरच्या त्या न दिलेल्या भाषणात लिहून ठेवलं की जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा नवा कायदा 2013 साली झाला, आणि तरी गटारात गुदमरून मेलेल्या माणसाची बातमी आपण अजून वाचतो. अशा देशात बसून ज्याला त्या सोडतीत 'काहीच घडत नाही' असं वाटतं, त्याने तोफा आणि लेसर यांनाच घडणं मानलंय. माझ्या मते त्या वर्षी छापल्या गेलेल्या कितीतरी कृष्णविवरांपेक्षा ही सोडत जास्त धीट कल्पना होती. ती वाचताना तुम्हाला बरं वाटलं असेल तर त्याचं कारणही उघड आहे. वॉर्डात बेडपॅन कोण उचलतं आणि त्याला कुणी 'अहो' म्हणतं का, हे तुम्ही रोज पाहता.

आणि हो, या पुस्तकातली व्यवस्था चुकतेही. (पुस्तक वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोडा.) तो बाहेरून आलेला तरुण वाईट संगतीला लागून मरतो, कारण आल्यावर त्याचा हात धरायला कुणी नव्हतं. त्याच्या प्रेताला वारस नसतो. तेव्हा आयस आणि तिथली एक म्हातारी दप्तरदार, दोघीही परक्या, त्याचे अंत्यविधी करतात. आणि नंतर आयस नव्या येणाऱ्यांना तिथलं जगणं शिकवायची सोय सुरू करते. शोकांतिका घडली, तिच्यातून एक वर्ग निघाला. मला विचाराल तर या प्रकारच्या लेखनाचं सगळं बळ इथे आहे. दुःखाचं काय केलं, हे लेखिका लिहून दाखवते.

चहाकडे वळतो, कारण भावाचा मुख्य मुद्दा तोच आहे. 'अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट' ही 2021 ची छोटी कादंबरी, तिलाही पुढच्या वर्षी ह्यूगो मिळाला. अर्पणपत्रिकाच अशी आहे की ज्या कुणाला थोडी उसंत हवी असेल त्याच्यासाठी हे पुस्तक. डेक्स नावाचे एक भिक्षू सायकलगाडीवर गावोगाव फिरतात, लोकांना चहा करून देतात आणि त्यांचं ऐकून घेतात. त्या जगात यंत्रमानवांना फार पूर्वी जाणीव आली आणि त्यांनी कारखाने सोडून रानात जायचं ठरवलं. माणसांनी त्यांना जाऊ दिलं, आणि आपली वस्ती आवरून निम्मी जमीन रानाला सोडून दिली. आता एवढंच वाक्य घ्या: जागं झालेलं यंत्र नोकरी सोडतं आणि मालक ते कबूल करतो. यंत्रमानव बंड करतो, मग रक्तपात, हे कथानक शंभर वर्षं चालत आलंय. ते इतकं अंगवळणी पडलंय की दुसरं काही होऊ शकतं हे सुचणं हाच मोठा शोध ठरतो.

आणि डेक्स पहिल्या दिवशी सपशेल नापास होतात, हेही सांगायला हवं. पुस्तकं वाचून टेबल मांडलेलं असतं, समोर खरं दुःख घेऊन खरं माणूस येतं आणि यांना बोलायला शब्द सुचत नाहीत. मग वनस्पती ओळखणं, वाळवणं, मिश्रणं करणं, कुणाला काय मानवतं ते पाहणं, असा अभ्यास चालतो. ऐकून घेणं हेही हातखंडा कौशल्य आहे, ते जन्मतः येत नाही, हे तुमच्या व्यवसायात कुणाला सांगायला नको. नवीन लागलेली पोरगी नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना कशी गोंधळते आणि सिनिअर सिस्टर तेच कसं सांगतात, हा फरक कादंबरीत मांडलेला तुम्हाला ओळखीचा वाटला असणार.

पुढची गंमत अशी की डेक्स कामात तरबेज होतात, सगळे त्यांना मानतात, पोटाची ददात नाही, आणि तरीही सकाळी उठल्यावर थकवा आहेच. का, ते कळत नाही. म्हणून ते रानात निघतात आणि एक यंत्रमानव भेटतो. तो विचारायला आलाय की माणसांना आता काय हवंय. ज्याच्याकडे सगळं आहे त्याला या प्रश्नाचं उत्तर येत नाही. गरिबी हटवल्यावर, वेठबिगारी संपल्यावर, जगण्याच्या अर्थाची भानगड तशीच शिल्लक राहते, असं हे पुस्तक म्हणतं. सुखी जगाचं वर्णन करून टाळ्या घ्यायच्या असत्या तर लेखिका त्याआधीच थांबली असती.

हे सगळं काल-परवाचं फॅड आहे असं भाऊ म्हणेल. त्याला सांगा, ज्या काळाला तो सुवर्णकाळ मानतो त्या काळातही हे होतं. क्लिफर्ड सिमॅकची 'वे स्टेशन' 1963 ची, पुढच्या वर्षी तिला ह्यूगो मिळाला. सिमॅक हा पेशाने वर्तमानपत्रातला माणूस, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलव्हिल नावाच्या खेड्याजवळ 1904 साली जन्मलेला, आणि कथाही तिथलीच. इनॉक वॉलेस हा अमेरिकन यादवी युद्धात लढून परत आलेला शिपाई. एका परग्रहवासीयाने त्याच्या शेतातलं जुनं घर आकाशगंगेतल्या प्रवाशांचं स्थानक म्हणून मागितलं आणि तो स्टेशनमास्तर झाला. घराच्या आत त्याचं वय वाढत नाही, म्हणून शंभर वर्षं तो तिशीतलाच दिसतो. रोज दुपारी फेरफटका मारतो, टपालपेटीपाशी पोस्टमनशी दोन शब्द बोलतो, घरी येतो. रात्री कुठल्याशा ताऱ्यावरचा प्रवासी येऊन उतरतो, इनॉक त्याच्याशी गप्पा मारतो, आणि मग वहीत नोंद करतो. त्याचा जुना परग्रही दोस्त युलिसिस आला की कॉफी ठेवली जाते. त्याला कॉफी फार आवडते.

हे वाचताना तारीख विसरू नका. ऑक्टोबर 1962 मध्ये क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर जाऊन आलं, आणि पुढच्याच वर्षी ही कादंबरी छापली गेली. कादंबरीतही तोच घोर आहे. परग्रहवासीयांकडून शिकलेल्या आकडेशास्त्राने इनॉक तक्ते मांडतो आणि त्याला युद्ध येताना दिसतं. मानवजातीला वाचवायचं तर कोणता उपाय पत्करायचा, या पेचात तो सापडतो. मधेच एक दृश्य येतं. शेजारची लूसी, जिला ऐकू-बोलता येत नाही, ती ओढ्याकाठी मोडक्या पंखाचं फुलपाखरू हातात घेऊन बसलीय. इनॉक पाहत असताना ते फुलपाखरू नीट होऊन उडून जातं. सिमॅक तिथे काही समजावत बसत नाही. इनॉक वाट तुडवत पुढे जातो. अणुबॉम्बच्या सावलीत एवढं हळू लिहायला लेखकाच्या अंगात जबर ताकद लागते, आणि ते वाचणाऱ्यालाही बळ येतं, हा माझा अनुभव आहे.

जपान्यांनी तर या जातीच्या कथांचा वेगळा वर्गच मानला, जीव सुखावणाऱ्या, जखम भरून आणणाऱ्या कथांचा. 1994 ते 2006 या काळात हितोशी आशिनानो यांची एक चित्रकथामाला मासिकातून येत होती. समुद्र चढलाय, किनारे बुडालेत, माणसं कमी होत चाललीत, आणि अल्फा नावाची एक यंत्रमानव मुलगी रस्त्याच्या कडेचं कॉफीचं दुकान चालवते, जिथे गिऱ्हाईक क्वचितच फिरकतं. दुकानाचा मालक निघून गेलाय. ती स्कूटरवरून योकोहामाला जाऊन कॉफीच्या बिया आणते. ही माला सुरू असतानाच, 1995 च्या जानेवारीत कोबेचा भूकंप आणि मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेतला सारिन वायूचा हल्ला झाला. पुढच्या काळात तिथे अशा कथांना बहर आला, यात मला नवल वाटत नाही.

आता दुसरी बाजू. या प्रकारात टाकाऊ माल पुष्कळ आहे, आणि गेल्या काही वर्षांत मुखपृष्ठावर वाफाळता कप काढला की पुस्तक खपतं असं प्रकाशकांना कळल्यापासून तो वाढलाय. त्यात माणसं नसतातच, सगळे समुपदेशक असतात. एकाने दुसऱ्याला दुखावलं की पुढच्या पानावर दोघं बसून आपापल्या भावना नीट नावं देऊन सांगतात, आणि विषय मिटतो. घरात, वॉर्डात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये असं कधी झालेलं कुणी पाहिलंय? दुसरी खोट म्हणजे त्या सुखाचा खर्च कोण भरतं हे कळतच नाही. कॅफे आहे, पण दूध कुठून आलं, कप कुणी विसळले, जागेचं भाडं किती, काही पत्ता नाही. ब्रायन ऑल्डिस या इंग्रज लेखकाने 1973 साली विज्ञानकथेचा इतिहास लिहिताना त्याच्या आधीच्या पिढीतल्या काही प्रलयकथांची याच मुद्द्यावर टर उडवली होती: बाकी जग मरतंय आणि नायक फुकटच्या हॉटेलात मजेत राहतोय. ती टर आजच्याही कित्येक 'उबदार' पुस्तकांना लागू पडते. निवडताना मी पहिल्या दहा-वीस पानांत एवढंच पाहतो की कुणी काहीतरी काम करताना दिसतंय का, आणि त्या कामाला वेळ, घाम किंवा पैसा लागतोय का. नसेल लागत, तर पुस्तक परत कपाटात.

पलायनाचा आरोप मात्र मला कधीच पटलेला नाही. बारा तास मॉनिटरचे आवाज ऐकून आलेल्या माणसाने अर्धा तास दुसरीकडे जावं, याला पळून जाणं म्हणणाऱ्याने एक नाइट करून पाहावी.

मराठीत हे का नाही, असंही भाऊ विचारेल. आहे थोडं, पण कमी, आणि त्याला कारणं आहेत. आपली विज्ञानकथा विज्ञानप्रसाराच्या हाताला धरून वाढली. मराठी विज्ञान परिषद 1966 साली स्थापन झाली, तिच्या कथास्पर्धेत 1974 साली 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवलेली कृष्णविवरावरची कथा पहिली आली, आणि तो लेखक जयंत नारळीकर निघाला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्या वाटेने उत्तम कथा आल्या. पण त्या मुख्यतः लघुकथा, आणि बऱ्याचशा दिवाळी अंकांसाठी. दहा-बारा पानांत एक कल्पना मांडायची, समजावायची आणि शेवटी धक्का द्यायचा, तर पात्रांना जेवायला बसवायला जागा कुठून आणणार? माझ्याकडे येणाऱ्या कथांत अजूनही शास्त्रज्ञ फोनवर बोलतो, संगणकाकडे धावतो आणि शेवटच्या परिच्छेदात पृथ्वी तरी संपते नाहीतर तो स्वतःच यंत्रमानव निघतो. त्याने दुपारी डबा खाल्ला का, भाजी कुणी केली होती, हे कुणी लिहीत नाही. गंमत म्हणजे विज्ञानकथेबाहेर, ग्रामीण कथेत, ललित लेखनात, व्यक्तिचित्रांत, हा हळुवारपणा मराठीला उत्तम साधलेला आहे. ही दोन दालनं एकमेकांत उघडत नाहीत इतकंच. कार्यशाळेत मी एक अभ्यास देतो: परग्रहावरच्या वसाहतीत नळाला पाणी किती वाजता येतं आणि पाणी सोडणारा माणूस कोण, यावर दोन पानं लिहा. त्यातून कधी कधी फार सुंदर काहीतरी हाती लागतं, आणि पाणी हे तिथेही कुणा एकाच्या अखत्यारीत असणार हे लिहिणाऱ्याला आपोआप उमगतं.

आता पुढे काय वाचायचं ते. तुमच्यासाठी आधी 'वे स्टेशन', मग तांड्याचं पुस्तक वाचलं नसेल तर ते. विनोद हवा असेल तर मार्था वेल्सच्या मर्डरबॉट कथा घ्या, पहिली 2017 ची. अलीकडे त्यावर मालिकाही आली. त्यात मारामारी आहे, पण निवेदक असा सुरक्षा-यंत्रमानव आहे ज्याने स्वतःवरचं नियंत्रण गुपचूप तोडलंय आणि त्या स्वातंत्र्याचा उपयोग हजारो तास मालिका बघण्यासाठी केलाय. माणसांनी आपल्याशी बोलू नये, आपली मालिका मधे थांबवू नये, एवढीच त्याची अपेक्षा. नाइटनंतर झोपायला आलेल्या माणसाला हा प्राणी आपलासा वाटतो.

भावासाठी चेंबर्सबाईंचीच 'टू बी टॉट, इफ फॉर्च्युनेट' ही 2019 ची छोटी कादंबरी. चार अंतराळवीर वेगवेगळ्या ग्रहांवर संशोधनाला जातात, आणि ग्रह आपल्यासारखे बनवण्याऐवजी स्वतःची शरीरं त्या त्या ग्रहाजोगी बदलून घेतात. गुरुत्व जास्त तर स्नायू वाढवले, थंडी असेल तर रक्त गोठू नये अशी सोय केली. मोहिमेचा खर्च सामान्य लोकांच्या वर्गणीतून झालेला. जीवशास्त्राचा कस यात भरपूर आहे, आणि दुसऱ्याच्या घरात गेल्यावर कसं वागावं याचाही.

त्यालाही ते मऊ वाटलं, तर मग जेम्स व्हाइट. तुम्हा दोघांत वाटून वाचता येईल असा हा लेखक आहे. बेलफास्टचा माणूस, डॉक्टर व्हायचं होतं पण घरची परिस्थिती नव्हती, विमानाच्या कंपनीत नोकरी केली आणि 1950 च्या दशकापासून एका अवकाशातल्या हॉस्पिटलच्या कथा लिहीत राहिला. तीनशे चौऱ्याऐंशी मजले, प्रत्येक जातीच्या पेशंटसाठी वेगळी हवा, वेगळा दाब, वेगळं गुरुत्व. कुणाचा श्वास क्लोरिनवर चालतो, कुणी अतिथंडीत राहतो. पेशंट दाखल करतानाच चार अक्षरांत त्याची शरीररचना नोंदवायची पद्धत आहे. तुमच्या केसपेपरवरचे शॉर्टफॉर्म त्यापुढे काहीच नाहीत. 1962 च्या 'हॉस्पिटल स्टेशन'मध्ये हे हॉस्पिटल अजून बांधलं जातंय. ओमारा नावाच्या दांडगट मजुरावर अपघाताचा ठपका आहे, त्या अपघातात मेलेल्या परग्रही जोडप्याचं अवाढव्य बाळ त्याच्याच गळ्यात पडतं. त्याचं अन्न तोंडाने भरवायचं नसतं, कातडीवर फवारायचं असतं. शांत करायला थोपटावं तर माणसाच्या हाताचं थोपटणं त्याला जाणवतही नाही. झोप नाही, मदत नाही, आणि बाळ आजारी पडतं. का, ते ओमाराला एकट्याने शोधून काढायचंय. हाच माणूस पुढे त्या हॉस्पिटलचा मुख्य मानसशास्त्रज्ञ होतो आणि सगळा स्टाफ त्याला टरकून असतो. असे चीफ तुम्ही पाहिलेच असतील.

आणि भाऊ तरीही "लढाई कुठे आहे" म्हणालाच, तर त्याला 'स्टार सर्जन' द्या, 1963 ची. त्यात अख्खं अंतराळयुद्ध आहे. हॉस्पिटललाच वेढा पडतो, मजल्यामागून मजले निकामी होतात, भाषांतरयंत्रं बंद पडतात, आणि डॉक्टर-नर्स दोन्ही बाजूंचे जखमी दाखल करून घेत राहतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात व्हाइट अधूनमधून मिळतो. कव्हरवर यानं आणि राक्षस असतील, त्यावर जाऊ नका. तुम्ही मात्र ही नाइटनंतर वाचू नका. सुट्टीच्या दिवशी वाचा, कारण ट्रायाजची, म्हणजे कुठल्या जखमीला आधी हात लावायचा हे ठरवण्याची, प्रकरणं त्याने फारच खरी लिहिली आहेत.